एफसी गोवाचा २०१९-२० चा मोसम : एक राहून गेलेला हिशेब

आमच्या फोंड्यात फुटबॉलवर बोलणारे चार जण जमले की एक वाद अजूनही निघतो. एफसी गोवाचा २०१९-२० चा मोसम चांगला म्हणायचा की वाईट? अर्धे जण म्हणतात, "सेमीफायनलला घरी बसले, मग कसला चांगला?" उरलेले म्हणतात, "अरे, शिल्ड कुणी जिंकली मग?" वाद तिथंच अडकतो. कारण मोसम संपला मार्च २०२० मध्ये, आणि पुढच्या पंधरवड्यात सगळं जगच बंद झालं. एरवी मोसम संपला की महिनाभर चहाच्या टेबलांवर त्याची चिरफाड चालते. कोण खेळला, कोण नाही, प्रशिक्षकाचं काय चुकलं, सगळं निघतं. त्या वर्षी ते झालंच नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. हल्लीच्या मुलांना त्या मोसमाची फक्त उपांत्य फेरी ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर त्या संघाचा न्याय होऊ नये असं मला वाटतं.

आधी थोडं आमच्याविषयी. अंत्रूज महालातल्या मराठी वाचणाऱ्या घरांमध्ये फुटबॉल हा पूर्वी काही आपला खेळ मानला जात नसे. आमच्याकडे नाटक, भजन, जत्रा आणि नंतर क्रिकेट. फुटबॉल म्हणजे सासष्टीचा, चर्चच्या मैदानावरचा, असंच घरची जुनी माणसं म्हणायची. पण गंमत बघा, ज्या क्लबांनी गोव्याचं नाव देशभर केलं ते खाणवाल्या हिंदू घराण्यांचे. साळगावकर क्लब १९५६ सालचा, म्हणजे पोर्तुगीज अजून इथं होते तेव्हाचा. धेंपोंचा क्लब साठच्या दशकातला. आणि आमच्या घरी येणारी मराठी वर्तमानपत्रंही खाणवाल्यांचीच. 'गोमन्तक' १९६२ चा, चौगुल्यांचा. 'नवप्रभा' १९७० चा, धेंपोंचा. त्यामुळे मराठी अक्षर वाचता वाचता फुटबॉल आपोआप घरात आला. गोलपोस्टमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर उभा राहू लागला, पुढे भारताचा कप्तान झाला, तेव्हा तर आमच्या घरची बायकामाणसंही विचारायला लागली, "आज काय झालं रे मॅचचं?" १९८३ मध्ये संतोष ट्रॉफी बंगालबरोबर वाटून मिळाली आणि पुढच्या वर्षी गोव्यानं ती एकट्यानं जिंकली, त्यानंतर खेळ सासष्टीचा की अंत्रूजचा हा प्रश्न कुणी विचारला नाही.

माझे मामा मडगावला एका पेढीवर हिशेबनीस होते. फातोर्ड्याचं स्टेडियम १९८९ मध्ये झालं आणि मामांच्या घरी राहून सामने बघायची मला सवय लागली. मामांकडे लाल कापडी बांधणीची एक वही असायची. प्रत्येक मोसमाला दोन पानं. डाव्या पानावर सामने, उजव्या पानावर गुणतक्ता. मोसम संपला की ते खाली रेघ मारून तीन गोष्टी काढत. एक, तक्त्यात वर असलेल्या संघांकडून किती गुण मिळवले. दोन, खालच्यांकडून किती. तीन, किती सामन्यांत दोन किंवा जास्त गोल खाल्ले. "एक गोल कोणीही खातो," असं त्यांचं म्हणणं, "दोन खाल्ले की दोष आपला." मग माझ्याकडे बघून कोकणीत सांगत, "मोसम तक्त्यार पळोवचो, कपार न्हय."

मामांच्या पिढीला हे म्हणणं सोपं होतं. त्यांनी पाहिलेल्या राष्ट्रीय लीगमध्ये फायनल नावाची गोष्टच नव्हती. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. १९९८-९९ ला साळगावकर जिंकला, गोव्यातला पहिला. धेंपो २००४-०५ आणि २००६-०७ ला जिंकला. मग आय-लीग सुरू झाली आणि २००७-०८ ते २०१२-१३ अशी सलग सहा वर्षं विजेता गोव्याचाच होता. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. केवढासा आपला गोवा, आणि सहा वर्षं देशाचं विजेतेपद झुआरी-मांडवीच्या पलीकडे गेलं नाही. आर्मांदो कुलासोंनी घडवलेला धेंपोचा तो संघ अजून लोकांना पाठ आहे. २०११-१२ मध्ये रँटी मार्टिन्सनं एकट्यानं ३२ गोल केले होते.

तक्त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे नुसते आकडे बघायचे असंही नाही. २००४-०५ चंच घ्या. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल होती. धेंपोनं मोहन बागानला २-० हरवलं. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरनं केले, आणि दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो जागीच कोसळला, परत उठला नाही. तरणाबांड पोरगा गेला. त्यानंतर तोच संघ सगळा मोसम खेळला आणि लीग जिंकला. दुसऱ्या क्रमांकावरही गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब होता. मामांनी त्या पानावर रेघ मारली नव्हती. नुसतं नाव लिहून ठेवलं होतं.

पुढे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. प्रशिक्षक म्हणून झिको आला. लोकांनी फातोर्डा भरून टाकलं. पण या लीगची रीत वेगळी होती. साखळी सामने संपले की वरचे चार संघ उपांत्य फेरीत, आणि कप शेवटच्या एका संध्याकाळी. २०१५ ची ती संध्याकाळ कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. २० डिसेंबर, फातोर्डा, समोर चेन्नईयिन. ८७ व्या मिनिटाला आपण २-१ नं पुढे. ९० व्या मिनिटाला आपल्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल, आणि भरपाईच्या वेळेत तिसरा. ३-२. स्टेडियममधून बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्या दिवसापासून गोव्याच्या प्रेक्षकाच्या मनात कप बसला तो बसलाच.

त्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. चर्चिल नंतर परत खेळला, पण पूर्वीची ती चुरस गेली. पूर्वी धेंपो हरला तर साळगावकरवाला हसायचा आणि दुःख गावातल्या गावात वाटून जायचं. आता सगळ्या गोव्याचा भार एका एफसी गोवावर आला. ते हरले की सगळा गोवा एकाच रात्री हरायचा. २०१९-२० चा मोसम समजून घ्यायचा तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

आता त्या मोसमाकडे वळू. स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचं हे तिसरं वर्ष. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, मागून जोडत जोडत पुढे जायचं आणि गोल करतच राहायचे, ही त्यांची पद्धत. मार्च २०१९ ची फायनल बंगळुरूविरुद्ध जादा वेळेत १-० नं गेली होती. पण एप्रिलमध्ये भुवनेश्वरला सुपर कप जिंकून आणला होता. नव्या मोसमात एक मोठी गोष्ट घडली होती. साखळीत पहिला येणाऱ्या संघाला प्रथमच लीग विनर्स शिल्ड मिळणार होती, आणि तिच्याबरोबर आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीचं तिकीट. म्हणजे कप वेगळा आणि शिल्ड वेगळी. मामांचा तक्ता परत मानात आला म्हणा ना!

मामा आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. त्यांच्याच रीतीनं या मोसमाचा हिशेब मांडतो.

एकूण सामने १८. विजय १२, बरोबरी ३, पराभव ३. गुण ३९. दुसऱ्या क्रमांकावरच्या एटीकेचे ३४, तिसऱ्या बंगळुरूचे ३०, चौथ्या चेन्नईयिनचे २९. गोल केले ४६, खाल्ले २३. कोरोनं १४ गोल केले. ह्यूगो बूमूनं ११ केले आणि १० करून दिले. ४६ पैकी २५ गोल या दोघांचेच. बाकी ब्रँडन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्स, सेरिटन फर्नांडिस, मंदार राव देसाई, सेवियर गामा ही आपली गोव्याची मुलं त्या संघात होती. परदेशी खेळाडूंची चर्चा जास्त झाली, पण डावीकडून मंदार आणि उजवीकडून सेरिटन सतत वर-खाली पळत होते म्हणूनच पुढच्यांना मोकळी जागा मिळत होती.

मामांचा पहिला प्रश्न. वरच्या तिघांविरुद्ध, म्हणजे एटीके, बंगळुरू आणि चेन्नईयिनविरुद्ध, सहा सामने. तीन जिंकले, एक बरोबरी, दोन हरले. १८ पैकी १० गुण. वाईट नाही, पण दबदबा म्हणावा असंही नाही. दुसरा प्रश्न. खालच्या सहा संघांविरुद्ध १२ सामने. नऊ विजय, दोन बरोबरी, एक पराभव. ३६ पैकी २९ गुण. इथं खरं काम झालं. लीग जिंकायची तर दुबळ्या संघांकडे गुण सांडायचे नसतात. एटीकेचे आणि आपले आपसातले सामने एक-एक असे सुटले, तरी शेवटी पाच गुणांचं अंतर राहिलं.

तिसरा प्रश्न मात्र बोचणारा आहे. १८ पैकी नऊ सामन्यांत संघानं दोन किंवा जास्त गोल खाल्ले. अर्ध्या सामन्यांत! एकही गोल न खाता संपवलेले सामने फक्त पाच. डिसेंबरमध्ये चेन्नईत आपण ४-३ जिंकलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या तीन गोलांकडे कोण बघतो? मुंबईविरुद्ध ४-२, ओडिशाविरुद्ध ४-२, केरळविरुद्ध ३-२. पुढे गोल होत होते म्हणून मागचं भगदाड झाकलं जात होतं. नऊपैकी पाच सामने आपण जिंकलेच. म्हणजे दोष दिसत होता, पण त्याची किंमत द्यावी लागत नव्हती.

मग आली ३१ जानेवारी २०२०. संघ तक्त्यात सर्वात वर, साखळीचे तीन सामने बाकी, आणि बातमी आली की लोबेरा आणि क्लब वेगळे झाले. आमच्या फोंड्याच्या कॅफेत भाजी-पाव खाता खाता एक जण म्हणाला, "नवरीला बोहल्यावर उभी करून भटजी बदलला." संघाची सूत्रं क्लिफर्ड मिरांडाकडे आली. हा धेंपोचा खेळाडू, पाचही राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेल्या संघांतला. तक्त्यावर लीग कशी जिंकायची हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीन सामने त्यानं सांभाळले. हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबईविरुद्ध ५-२, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला जाऊन ५-०. तीन सामन्यांत १४ गोल. शिल्ड आपली झाली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून नाव लागलं ते गोव्याचं. कोलकात्याचं नाही, बंगळुरूचं नाही.

दहा दिवसांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना चेन्नईत झाला. मध्यंतरापर्यंत ०-०. त्यानंतर २५ मिनिटांत चार गोल खाल्ले. शेवटी सेवियर गामानं एक परत केला. ४-१. दुसरा सामना ७ मार्चला फातोर्ड्यात. मी गेलो होतो. २१ मिनिटांत आपण २-० पुढे, म्हणजे दोन सामने मिळून अंतर फक्त एका गोलाचं. स्टेडियम असं दणाणत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आणि मध्यंतरानंतर तेच जुनं दुखणं. छांगटेचा एक, व्हॅल्सकिसचा एक. परत तीन गोलांची दरी. एदू बेदिया आणि मुर्तादा फॉलनं ८० मिनिटांनंतर दोन मारले, पण घड्याळ संपलं. सामना ४-२ जिंकला आणि फेरी ५-६ हरली. एका आठवड्यानं फायनल झाली तीही आपल्याच फातोर्ड्यात, प्रेक्षकांविना. एटीकेनं चेन्नईयिनला ३-१ हरवलं. साखळीत आपल्यामागे पाच गुणांवर असलेला संघ आणि दहा गुणांवर असलेला संघ आपल्या घरी कपासाठी खेळले, आणि आपण टीव्हीवर बघितलं.

आता निकाल काय द्यायचा?

बरेच जण म्हणतात की प्रशिक्षक घालवला म्हणून उपांत्य फेरी गेली. वही तसं सांगत नाही. लोबेरांच्या १५ सामन्यांत संघानं २० गोल खाल्ले होते. भगदाड आधीपासून होतं. क्लिफर्डनं साखळीत तीन सामन्यांत तीनच खाल्ले, पण चेन्नईयिनसारखा तडफेनं धावणारा संघ समोर आला तेव्हा दोन सामन्यांत सहा गेले. महिनाभरात बचावफळी कुणी नव्यानं उभी करू शकत नाही. उपांत्य फेरीत घडलं ते साखळीत नऊ वेळा घडून गेलेलं होतं. फरक एवढाच की या वेळी पुढच्यांना ते भरून काढायला एक गोल कमी पडला.

प्रशिक्षक बदलाची किंमत भरावी लागली ती पुढच्या मोसमात. लोबेरा मुंबईकडे गेले. त्यांच्या पाठोपाठ फॉल, बूमू, जाहू आणि आपला मंदारही. महामारीमुळे २०२०-२१ चे सगळे सामने गोव्यातच झाले. मुंबईनं शिल्डही घेतली आणि कपही, आणि उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआऊटवर हरवलं ते एफसी गोवालाच. आपल्या मैदानांवर, आपल्या जुन्या खेळाडूंनी. तेव्हा व्यवस्थापनाच्या त्या निर्णयाला माझ्या हिशेबात गुण नाहीत. पण तो दोष २०१९-२० च्या खेळाडूंच्या खात्यावर मांडायचा नाही.

त्या १८ सामन्यांनी काय मिळवून दिलं ते एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. फातोर्ड्यातच, पुन्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर, आशियाची चॅम्पियन्स लीग. कतारचा अल रय्यान, ज्याचा प्रशिक्षक फ्रान्सचा विश्वविजेता लोराँ ब्लाँ, त्याच्याशी पहिलाच सामना ०-०. अमिरातीच्या अल वाहदाशी ०-०. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियानं आधी गोल करून आपल्याला पुढे नेलं. पुढे हरलो, दुसऱ्यांदा ४-० नं हरलो, पण अल रय्यानशी दुसऱ्या सामन्यातही १-१ केलं. तीन गुण, चारपैकी तिसरा क्रमांक. प्रशिक्षक नवा होता, बरेच खेळाडू नवे होते. पण दार उघडलं होतं ते आदल्या संघानं, तक्त्यावर. कप जिंकला असता तर कपाटात एक चषक वाढला असता, आणि हे सामने दुसऱ्याच कुणी खेळले असते.

माझा निकाल असा : आघाडीफळी उत्तम, बचावफळी कच्ची, व्यवस्थापन उतावीळ, आणि मोसम धेंपोच्या चांगल्या वर्षांच्या शेजारी बसवावा असा. "सेमीत हरले" हे वाक्य खरं आहे, पण ते दोन सामन्यांचं वर्णन आहे. मोसम वीस सामन्यांचा होता. सहा वर्षं सलग तक्त्यावर देश जिंकणाऱ्या गोव्यानं निदान तक्ता वाचायची सवय तरी सोडू नये. आपल्या मुलांना कप आवडतो, आवडू दे. पण धेंपोच्या पाच विजेतेपदांना मान द्यायचा आणि या शिल्डला नाक मुरडायचं, हे दोन्ही एकदम करता येत नाही, कारण दोन्ही एकाच रीतीनं मिळवलेली आहेत.

मामांच्या वहीत या मोसमाची दोन पानं कोरी होती. हे लिहिता लिहिता ती मी भरली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुने तिकिटांचे तुकडे, 'नवप्रभा'ची कात्रणं, साळगावकर किंवा धेंपोच्या मोसमांच्या अशाच नोंदी असतील तर सांभाळून ठेवा आणि खाली लिहा. विशेषतः १९९८-९९ च्या साळगावकरविषयी कुणी जुन्या माणसानं लिहिलं तर फार बरं होईल. तो सगळा संघ डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.